एका 'द'ची गैरहजेरी : ठराव २४२ आणि त्याचा फ्रेंच मजकूर

इंग्रजी मजकूर कुठलाही उघडा, सगळ्यात जास्त वेळा भेटतो तो 'द'. मराठी माणसाला तो नडतो, कारण आपल्याकडे उपपद नावाची भानगडच नाही. 'आय वेंट टू मार्केट' म्हणून आपण मोकळे होतो. फ्रेंच माणसाची अडचण बरोबर उलटी असते. त्याच्याकडे 'ल', 'ला' आणि 'ले' ही रूपं आधीपासूनच आहेत. 'द' म्हणजे आपलंच 'ल' असं धरून तो निर्धास्त राहतो आणि नेमका तिथेच फसतो. 'मला कॉफी आवडते' हे फ्रेंचमध्ये सांगायचं तर कॉफीच्या आधी 'ल' हवंच: 'झेम ल काफे'. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही हात आपोआप 'आय लाइक द कॉफी' असं लिहून जातो. आपण 'द' खातो, ते नको तिथे वाढतात.

या एका शब्दाची कामं बरीच. आधी उल्लेख झालेली वस्तू, जगात एकच असलेली वस्तू (सूर्य, चंद्र), एक नमुना दाखवून सांगितलेली सगळी जात, हे सगळं 'द'मध्ये येतं. अनेकवचनी नामापुढे 'द' आला आणि नामाला वर्णन जोडलेलं असलं, तर त्या वर्णनात बसणारं झाडून सगळं त्यात येतं. 'द बुक्स आय लेंट यू' म्हणजे मी दिलेली सगळी पुस्तकं. आता यातला 'द' काढा. सगळी की काही, हे वाक्य सांगत नाही. ते संदर्भावरून ताडायचं.

इंग्रजीला अशी मोघम राहण्याची सोय आहे. फ्रेंचला ती जवळजवळ नाही, कारण तिथे अनेकवचनी नाम असं उघडं ठेवता येत नाही. काही ना काही लावावंच लागतं. व्याकरणाच्या पुस्तकात हा फरक अर्ध्या पानात संपतो. २२ नोव्हेंबर १९६७ ला अरब-इस्रायल युद्धानंतरच्या ठराव २४२ मधून तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेसमोर आला आणि अजून मिटलेला नाही.

वाक्य काय होतं

त्या वर्षीच्या जूनमध्ये, ५ ते १० तारखांदरम्यान, इस्रायलने इजिप्तकडून सिनाई आणि गाझा पट्टी, जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनारा, आणि सीरियाकडून गोलान टेकड्या घेतल्या. या युद्धाची झळ भारतालाही थेट बसली होती. गाझामध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारतीय जवान होते, सेनेचे प्रमुख मेजर जनरल इंदरजित रिखी होते, आणि परत निघण्याच्या तयारीत असलेल्या त्या तुकडीतले काही जवान पहिल्याच दिवसांत मारले गेले.

उन्हाळ्यात आमसभेने खास अधिवेशन भरवलं. लॅटिन अमेरिकी देशांनी ४ जुलैला आणलेल्या ठरावात 'व्यापलेल्या सगळ्या प्रदेशांतून' माघार घ्या, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. बाजूने ५७, विरुद्ध ४३, तटस्थ २०. दोन-तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. नंतर जे झालं ते समजून घ्यायचं तर हा आकडा डोक्यात ठेवायला हवा. 'सगळ्या' हा शब्द तेव्हा कुणाला सुचलाच नाही असं नाही. तो मांडला गेला आणि पडला.

नोव्हेंबरमध्ये विषय सुरक्षा परिषदेत आला. ७ तारखेला भारत, माली आणि नायजेरिया या तिघांनी मिळून मसुदा ठेवला. त्यातही 'ऑल द टेरिटरीज', सगळ्या प्रदेशांतून, अशीच भाषा होती. अमेरिकेने आपला वेगळा मसुदा आणला. दोन्हींना पुरेशी मतं मिळतील असं दिसेना. मग १६ तारखेला ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांनी तिसरा मसुदा पुढे केला. कॅराडन म्हणजे मूळचे ह्यू फूट. तरुणपणी पॅलेस्टाइनमध्ये, नाब्लुसला, ब्रिटिश अधिकारी म्हणून राहिलेले, पुढे सायप्रसचे गव्हर्नर झालेले. त्या भूमीवरची गावं आणि माणसं त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या मसुद्यातलं माघारीचं कलम इंग्रजीत असं: 'विदड्रॉअल ऑफ इस्रायल आर्म्ड फोर्सेस फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रिसेंट कॉन्फ्लिक्ट'.

'टेरिटरीज'च्या आधी 'ऑल' नाही आणि 'द'ही नाही.

याच कलमाचा फ्रेंच मजकूर: 'रत्रे दे फोर्स आर्मे इस्राएलिएन दे तेरितुआर ओक्युपे लोर द्यु रेसां कोंफ्लि'. यातला दुसरा 'दे' पाहा. फ्रेंचमध्ये 'पासून' किंवा 'च्या' दाखवायला 'दऽ' हे अव्यय येतं. त्याच्यामागून अनेकवचनी 'ले' आलं की दोघं मिळून 'दे' होतात. म्हणजे 'दे तेरितुआर ओक्युपे' हे 'त्या व्यापलेल्या प्रदेशांतून' या अर्थाचं आहे. इंग्रजीत जो 'द' गाळला होता, तो फ्रेंचमध्ये 'दे'च्या पोटात हजर आहे.

तेव्हा सुरक्षा परिषदेच्या कामकाजाच्या भाषा दोनच होत्या, इंग्रजी आणि फ्रेंच. रशियन आणि स्पॅनिश तिथे १९६९ मध्ये आल्या. म्हणजे कामकाजाच्या दोन भाषांपैकी एकीत 'द' नाही आणि दुसरीत आहे, अशी ही स्थिती.

मतदानाचा दिवस

मतदान खरं तर २० तारखेलाच व्हायचं होतं. सोव्हिएत प्रतिनिधी वासिली कुझ्नेत्सोव यांनी कॅराडनकडे दोन दिवस मागून घेतले. दरम्यान सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी थेट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना लिहिलं. सोव्हिएत बाजूचा आग्रह होता की माघार सगळ्या प्रदेशांतून आहे हे स्पष्ट व्हावं, 'टेरिटरीज'च्या आधी 'द' यावा. अमेरिकेने मान्य केलं नाही. गंमत अशी, की रशियन भाषेत उपपद नाहीच. ज्यांच्या स्वतःच्या भाषेत हा शब्द नाही ते त्याच्यासाठी अडून बसले होते. उलट ज्यांच्यात खरा तंटा होता त्या दोन्ही बाजूंच्या भाषांत उपपद अगदी ठसठशीत आहे: हिब्रूत 'ह', अरबीत 'अल'. 'द' असण्या-नसण्यात काय आहे, हे कैरोत आणि जेरुसलेममध्ये कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२२ तारखेच्या बैठकीचे अध्यक्ष होते मालीचे मामादू बुबाकार कांते, म्हणजे फ्रेंचमध्ये कारभार करणाऱ्या देशाचे. ज्या तीन देशांनी 'सगळ्या' म्हटलं होतं त्यांपैकीही एक. मतदानाआधी भारताचे गोपालस्वामी पार्थसारथी बोलले. बळाने प्रदेश मिळवता येणार नाही हे तत्त्व भारताला मूलभूत वाटतं, आणि ठराव मंजूर झाला तर परिषद सगळ्या प्रदेशांतून पूर्ण माघारीला बांधील होईल असं आम्ही समजतो, असं ते म्हणाले. 'सगळ्या' यावर त्यांनी जोर दिला आणि 'पुन्हा सांगतो' म्हणून तो शब्द दुसऱ्यांदा उच्चारला. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन यांनी जूनमध्ये आमसभेत केलेल्या भाषणाचा आधारही त्यांनी घेतला.

यावर कॅराडन यांचं उत्तर मुरलेल्या मुत्सद्द्याचं होतं. प्रत्येक शिष्टमंडळाला आपापलं मत असणारच. बांधील ठरेल तो फक्त ठराव, आणि त्यातले शब्द आम्हाला स्पष्ट वाटतात. पार्थसारथींचं म्हणणं त्यांनी नाकारलं नाही, कबूलही केलं नाही.

मत घेतलं. पंधराच्या पंधरा हात वर, कुझ्नेत्सोव यांचाही.

मतदानानंतर फ्रान्सचे आर्मां बेरार यांनी जे सांगितलं त्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे. त्यांचा मुद्दा असा: माघारीचा प्रश्न फ्रान्सला पहिल्यापासून कळीचा वाटत आला आहे, फ्रेंच मजकूर इंग्रजीइतकाच अधिकृत आहे, आणि त्यात 'दे तेरितुआर ओक्युपे' असं असल्यामुळे संदिग्धतेला जागाच नाही. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री अब्बा एबान त्याच बैठकीत म्हणाले की ठराव जे म्हणतो तेच म्हणतो. जे त्याने जाणूनबुजून म्हणायचं टाळलं आहे ते तो म्हणत नाही. एबान केंब्रिजला पौर्वात्य भाषा शिकलेले. गाळलेल्या शब्दाची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती.

भाषांतरकाराची चूक?

या ठरावाबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: फ्रेंच भाषांतरकाराने घोळ घातला, मूळ इंग्रजी बरोबर आणि फ्रेंच सदोष. याच गोष्टीची दुसरी आवृत्ती अशी, की फ्रेंचमध्ये दुसरा पर्यायच नव्हता, बिचारा करणार काय. माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत.

पर्याय होता. 'दे'च्या जागी नुसतं 'दऽ' ठेवून 'दऽ तेरितुआर ओक्युपे' लिहिता आलं असतं. व्याकरणात ते बसतं. फ्रेंचमध्ये 'काही' या अर्थाचंही एक 'दे' आहे, पहिल्या 'दे'चा फक्त जुळा दिसणारा, अर्थाने निराळा. अव्यय 'दऽ'च्या पाठोपाठ हे दुसरं 'दे' आलं की ते गळून पडतं आणि नुसतं 'दऽ' उरतं. म्हणजे 'दऽ तेरितुआर' वाचताना फ्रेंच वाचकाच्या मनात 'काही प्रदेशांतून' हाच अर्थ पहिल्यांदा उमटतो.

अडचण नेमकी इथे आहे. इंग्रजीतलं उघडं 'टेरिटरीज' दोन्हीकडे झुकू शकतं; ते काहीच ठरवत नाही. फ्रेंचमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे केलं की 'सगळ्या' किंवा 'काही' यांतलं एक उघडपणे निवडल्यासारखं होतं. इंग्रजीला गप्प बसता आलं, फ्रेंचला बोलावंच लागलं. त्यात नामापुढे 'अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या' असं नेमकं वर्णन लागलेलं आहे, आणि असं वर्णन जोडलेल्या नामाला फ्रेंच कान 'ले'च मागतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या भाषांतर विभागातल्या माणसाने आपल्या भाषेत जे सहज येतं ते लिहिलं. त्याने 'दऽ' लिहिलं असतं तर मजकूर इस्रायलच्या बाजूला इंग्रजीपेक्षाही जास्त झुकला असता, आणि बेरार यांनी हात वर केला असता की नाही कुणास ठाऊक.

ठरावात आणखी दोन जागा आहेत. वादात त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, पण त्या मला मोलाच्या वाटतात.

एक तर त्याच कलमाची सुरुवात. 'विदड्रॉअल ऑफ इस्रायल आर्म्ड फोर्सेस'. इथेही 'द' नाही. फ्रेंचमध्ये मात्र 'दे फोर्स आर्मे', म्हणजे तोच 'दे'. 'द' नसणं म्हणजे 'काही' असा नियम केला, तर ठराव काही इस्रायली सैन्याच्या माघारीबद्दल बोलतो असं म्हणावं लागेल. तसं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. एकाच वाक्यात उघडी अनेकवचनं दोन. पहिल्याचा अर्थ सगळे बिनबोभाट 'सगळं' असा घेतात आणि दुसऱ्यावरून भांडतात.

दुसरी जागा पुढच्या परिच्छेदात, जलमार्गांबद्दलची. त्या भागातल्या आंतरराष्ट्रीय जलमार्गांवर नौकानयनाचं स्वातंत्र्य राखण्याची गरज तिथे सांगितली आहे. इंग्रजी 'थ्रू इंटरनॅशनल वॉटरवेज इन द एरिया', पुन्हा 'द'विना. फ्रेंच 'ले वुआ दो', म्हणजे 'द'सकट. जूनच्या युद्धाआधी इजिप्तने तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली होती, आणि हे कलम इस्रायलला हवंच होतं. ठरावाने फक्त काही जलमार्ग खुले ठेवायला सांगितले, असं इस्रायल म्हणणं शक्य नव्हतं.

आता उलट बाजू. माघारीच्या कलमाला जोडूनच जे दुसरं कलम येतं त्यात युद्धस्थितीचे 'ऑल' दावे संपवावेत असं आहे. जिथे 'सगळे' म्हणायचं होतं तिथे लिहिणाऱ्याने 'ऑल' लिहिलं, मग प्रदेशांपुढे का नाही? त्याच कलमात प्रत्येक देशाला 'सुरक्षित आणि मान्य सीमांच्या आत' राहण्याचा हक्कही आहे. १९४९ च्या शस्त्रसंधीच्या रेषा (१९६७ पर्यंत चालत आलेल्या) म्हणजे मान्य सीमा नव्हेत, सीमा वाटाघाटींतून ठरायच्या आहेत आणि म्हणून माघार किती हेही तिथेच ठरेल, असं इस्रायलचं म्हणणं. याच्यासमोर प्रस्तावनेतलं वाक्य उभं आहे: युद्धाने प्रदेश मिळवणं अमान्य. ही दोन्ही वाक्यं एकाच ठरावात शेजारी शेजारी नांदतात. ती तशी ठेवली म्हणूनच पंधरा हात वर गेले.

व्याकरणाचं वजन लोक समजतात त्यापेक्षा 'सगळ्या'च्या बाजूला जास्त पडतं, असं मला वाटतं. आणि वाटाघाटींचा इतिहास पाहिला तर 'सगळ्या' मुद्दाम टाळलं गेलं, हेही तितकंच खरं. ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत.

दोन भाषा, एक कायदा

दोन भाषांतले अधिकृत मजकूर जुळले नाहीत तर काय करायचं, हा प्रश्न कायद्याला नवा नव्हता. योगायोग असा, की त्यावरचा सगळ्यात प्रसिद्ध जुना निकालही पॅलेस्टाइनवरचाच आहे, आणि तोही एका साध्या इंग्रजी शब्दावरून.

मावरोमातिस नावाच्या ग्रीक उद्योजकाने पहिल्या महायुद्धाआधी ऑटोमन सरकारकडून जेरुसलेममध्ये वीज, ट्राम आणि पाणीपुरवठ्याचे मक्ते मिळवले होते. युद्धानंतर ब्रिटिश आले आणि त्यांनी विजेचा मक्ता पिन्हास रुटेनबर्ग या दुसऱ्या उद्योजकाला दिला. मावरोमातिसची बाजू घेऊन ग्रीस हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात (आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पूर्वसुरीत) गेला. पॅलेस्टाइनच्या मँडेटमध्ये, म्हणजे तिथला कारभार ब्रिटनकडे सोपवणाऱ्या दस्तऐवजात, नैसर्गिक संपत्ती आणि सार्वजनिक सेवांच्या 'पब्लिक ओनरशिप ऑर कंट्रोल'चा अधिकार प्रशासनाला दिलेला होता. फ्रेंच मजकुरात 'कोंत्रोल प्युब्लिक'. दिसायला शब्द एकच. पण फ्रेंच 'कोंत्रोल' म्हणजे मुळात तपासणी, देखरेख. तिकडे रेल्वेत तिकीट तपासणारा तो 'कोंत्रोलर'. इंग्रजी 'कंट्रोल'मध्ये सूत्रं हातात घेण्याचा अर्थ मोठा. (आपल्याकडे 'कंट्रोलचा तांदूळ' म्हणणाऱ्या पिढीने या शब्दाला तिसरंच घर दिलं.) ३० ऑगस्ट १९२४ ला न्यायालयाने सात विरुद्ध पाच मतांनी खटला चालवण्याचा आपला अधिकार मान्य केला आणि दोन भाषांबद्दल नियम घालून दिला: दोन्ही मजकूर सारख्याच अधिकाराचे असून एकाचा अर्थ दुसऱ्यापेक्षा रुंद असेल, तर दोन्हींत बसेल असा मर्यादित अर्थ घ्यावा. शिवाय मँडेटचा मसुदा बहुधा मुळात इंग्रजीत झाला असावा, याकडेही न्यायालयाने बोट दाखवलं.

हा नियम ठराव २४२ ला लावून पाहा. फ्रेंच बाजू घेणारा म्हणेल, इंग्रजीत 'सगळ्या' आणि 'काही' दोन्ही बसतात, फ्रेंचमध्ये एकच. तेव्हा दोन्हींत बसणारा अर्थ 'सगळ्या' हाच. इंग्रजी बाजू घेणारा म्हणेल, मर्यादित अर्थ म्हणजे कमी जबाबदारी लादणारा, आणि शिवाय मसुदा इंग्रजीत झाला, बोलणीही इंग्रजीत झाली, तेव्हा इंग्रजी. दोघांनाही तोच निकाल उद्धृत करता येतो, आणि दोघांनी वकिली चातुर्य पणाला लावूनही तो निकाल कुणाच्या एकट्याच्या बाजूला जात नाही.

करारांच्या कायद्याबद्दलच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराने याला कलम ३३ मध्ये लेखी रूप दिलं. सर्व अधिकृत मजकुरांत शब्दांचा अर्थ एकच आहे असं गृहीत धरावं. तरीही फरक उरला तर कराराचा हेतू लक्षात घेऊन दोन्हींचा उत्तम मेळ घालणारा अर्थ घ्यावा. पण तो करारांसाठी आहे. सुरक्षा परिषदेचा ठराव हा करार नव्हे. कोसोव्होवरच्या २०१० च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हे नियम ठरावांसाठी मार्गदर्शक होऊ शकतात, मात्र ठराव वेगळ्या पद्धतीने तयार होतात, म्हणून मंजुरीच्या वेळी सदस्यांनी केलेली निवेदनंही पाहावी लागतील. निवेदनं पाहायची म्हटलं की पुन्हा पार्थसारथी, बेरार, एबान आणि कॅराडनचं ते गुळगुळीत उत्तर.

नंतरच्या आठवणी

पुढची पंचवीस वर्षं संबंधित मंडळी आपापल्या आठवणी सांगत राहिली. जॉर्ज ब्राउन १९७० मध्ये म्हणाले, आम्ही 'द' घातला नाही याचा अर्थ इस्रायल सगळ्या प्रदेशांतून माघार घेणार नाही. ज्यांच्या भाषणाचा आधार घेऊन पार्थसारथींनी 'सगळ्या' म्हटलं होतं, तेच हे ब्राउन. कॅराडन यांनी १९७४ मध्ये सांगितलं की १९६७ आधीच्या रेषा ओढूनताणून आखलेल्या होत्या, त्यांवरच परत जायची मागणी करणं चूक ठरलं असतं.

त्या वेळचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्या आठवणींतला उतारा तर जपून ठेवावा असा आहे. मजकूर जरा मोघम राहावा अशी आमची इच्छा होती, पश्चिम किनाऱ्याची वेडीवाकडी रेषा थोडी सरळ करता यावी म्हणून, असं ते लिहितात. मात्र युद्धाच्या जोरावर इस्रायलला मोठा प्रदेश द्यावा असं आमच्या मनात कधीच नव्हतं, हेही सांगतात. आणि फ्रेंच मजकुराचा दाखला देताना लिहितात की त्यात 'दऽ' आहे आणि 'दऽ' म्हणजे 'द'. हे चूक आहे. ठरावात 'दऽ' नाही, 'दे' आहे. आणि 'दऽ' असतं तर त्याचा अर्थ 'द' झालाच नसता, नेमका उलटा झाला असता. ज्या अक्षरावर वीस-बावीस वर्षं भांडण चाललं, तेच अक्षर एवढा मोठा माणूस चुकीचं उतरवून गेला.

जमिनीवर

इजिप्त आणि जॉर्डन यांनी ठराव मान्य केला, सीरियाने तेव्हा नाकारला. इस्रायलमध्ये गोल्डा मायर यांच्या सरकारने १९७० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या योजनेला होकार देताना ठराव २४२ वर आधारलेली माघारीची भाषा स्वीकारली, तेव्हा मेनाखेम बेगिन यांचा पक्ष मंत्रिमंडळातून बाहेर पडला. त्यांच्या लेखी 'द'विना असलेली 'माघार'सुद्धा खूप झाली होती.

त्याच बेगिननी पुढे पंतप्रधान झाल्यावर २६ मार्च १९७९ ला इजिप्तशी तह केला आणि एप्रिल १९८२ पर्यंत संपूर्ण सिनाई परत दिला. ताबा नावाच्या, किनाऱ्यावरच्या छोट्या पट्टीवर वाद राहिला. तो लवादाकडे गेला, लवादाने १९८८ मध्ये सीमाखांब कुठे होते हे ठरवलं आणि १९८९ मध्ये ती पट्टीही इजिप्तला मिळाली. इजिप्तच्या बाबतीत 'सगळ्या' हा अर्थ शेवटच्या खांबापर्यंत प्रत्यक्षात आला. सिनाई हा १९६७ मध्ये घेतलेल्या एकूण क्षेत्राचा सर्वांत मोठा भाग. 'बहुतेक प्रदेश आम्ही परत दिलाच आहे' असं इस्रायलकडून म्हटलं जातं ते याच हिशोबाने. गोलानवर इस्रायलने १९८१ मध्ये आपला कायदा लागू केला. पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम यांच्याबद्दल 'टेरिटरीज' शब्द अजून तिथेच लोंबकळतो आहे.

१९७३ च्या युद्धात ठराव ३३८ ने २४२ ची 'त्याच्या सर्व भागांसह' अंमलबजावणी करायला सांगितलं, पण भागांचा अर्थ सांगितला नाही. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारातही २४२ चा उल्लेख आहे, अर्थाशिवाय. २३ डिसेंबर २०१६ च्या ठराव २३३४ मध्ये मात्र इंग्रजी मजकुरातच 'द' आहे: 'द पॅलेस्टिनियन टेरिटरी ऑक्युपाइड सिन्स १९६७', पूर्व जेरुसलेमसह. चौदा मतं बाजूने, अमेरिका तटस्थ. ४ जून १९६७ च्या रेषांत वाटाघाटींनी ठरलेल्या बदलांखेरीज कोणताही बदल परिषद मानणार नाही, असंही त्यात आहे. पण 'द' असलेलं ते वाक्य इस्रायलने तिथे उभारलेल्या वसाहतींबद्दलचं आहे, माघारीबद्दलचं नाही. माघारीचं कलम १९६७ मध्ये होतं तसंच आहे, इंग्रजीत 'टेरिटरीज' आणि फ्रेंचमध्ये 'दे तेरितुआर'.